भरतीची ड्युटी

"आली, आली!" पोस्टमनने कपाळावर हात मारला, आणि थोरला न् धाकटा ही त्याची कुत्र्यांची जोडी फाटकाकडे सुसाट सुटली. लाट फाटकाशी पोचली. दोघे जीव तोडून भुंकले. लाट मुकाट्याने मागे गेली. दोघांनी एकमेकांकडे बघत शेपट्या हलवल्या. तेवढ्यात दुसरी आली.

समुद्रावरच्या नव्या घरातला हा विसावा दिवस. ओहोटीला दोन्ही कुत्रे अगदी गरीब गाय, पण पाणी चढलं की हा तमाशा सुरू. बायकोने त्यांच्या कानांत कापूस घालून पाहिला. तो त्यांनी एकमेकांच्या कानांतून ओढून खाल्ला.

"त्यांचं तरी काय चुकतंय, अगं?" पोस्टमन म्हणाला. "तीस वर्षं मी आलो की कुत्री भुंकायची. पत्र टाकून मी जायचो. त्यांना वाटायचं, आपणच पिटाळलं! इथे तर पोस्टमन मिनिटाला येतोय."

"हे मला नका सांगू. घरमालकांना सांगा."

घरमालक भिंतीपलीकडेच राहायचे. विज्ञानाचे मास्तर. शाळेतून निवृत्त झाले होते, शिकवण्यातून नव्हे. त्या संध्याकाळी ते तरातरा आले.

"समुद्र काय भुंकण्याने मागे जातो? चंद्र ओढतो त्याला! पस्तीस वर्षं घसा फोडून शिकवलंय मी. उद्या एकदा जरी आवाज आला ना, तर परवा घर खाली करायचं. लेखी कळवीन."

आयुष्यभर लोकांच्या दारात उभं राहून पोस्टमनने एकच स्वप्न पाहिलं होतं: समुद्राकडे तोंड केलेलं आपलं एक दार. दोन कुत्र्यांसकट ठेवून घेणारं हे घर मिळायला वर्ष गेलं होतं. ते सोडायचं म्हणजे जिवावरच आलं.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या आधीच कुत्रे न्हाणीघरात कोंडले. बायको बिस्किटांचा डबा घेऊन आत बसली. दर लाटेला दोघांच्या तोंडात एकेक बिस्कीट. आवाज बंद!

नेमकं त्या दिवशी उधाण होतं. लाट फाटकाशी आली. कोणी अडवलं नाही, म्हणून आत आली. दुसरी तिच्याही पुढे आली. भिंतीपलीकडे मास्तर ओट्यावर खुर्ची टाकून शांततेत पेपर वाचत होते. त्यांची एक चप्पल तरंगत निघाली. मास्तर पाय वर घेऊन बसले. मग खुर्चीवर उभे राहिले. पाणी ओट्यावर चढलं.

"अहो पोस्टमन! कुत्रे कुठायत?"

"कोंडलेत, सर. गप्प आहेत अगदी."

"सोडा त्यांना!"

"पण सर, चंद्र..."

"चंद्राचं मी बघतो! तुम्ही आधी कुत्रे सोडा!"

दार उघडलं. बिस्किटांचा चुरा उडवत दोघे पाण्यात घुसले आणि अर्ध्या तासाची थकबाकी भुंकून काढली. पाणी थबकलं. ओट्यावरून उतरलं. हळूहळू फाटकाबाहेर गेलं. जाताना चप्पलही ठेवून गेलं. मास्तर ती उचलून आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सकाळी पेटीत लिफाफा होता. मास्तरांचं अक्षर, लाल शाई. पोस्टमन तो न फोडताच घरात घेऊन आला.

"संपलं सगळं. नोटीसच असणार. काल आवाज झालाच ना!"

"फोडा तरी!"

आत महिनाभराच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक होतं, पट्टीने रेघा मारलेलं. खाली लिहिलं होतं, 'पाच मिनिटं आधी हजर राहावे. उशीर खपवून घेतला जाणार नाही.'

"आता एवढ्या वेळा मी कशा सांभाळू?" पोस्टमन हवालदिल होऊन म्हणाला.

बायकोने लिफाफा उलटून पाहिला आणि तिला हसू आवरेना.

"जन्मभर पत्रं वाटलीत ना? आधी पत्ता तरी वाचायचा! हे तुम्हाला नाहीये. थोरल्या-धाकट्याला आलंय."