दोन हातरुमाल

"पुन्हा एकच," जाबेझ हॉकिंग दातओठ खात पुटपुटला.

गोलच्या खांबांमागे, बरोबर मधोमध, कुंपणाला टेकून काळ्या कोटातली एक बाई उभी होती. तिनं एक पांढरा हातरुमाल उंच धरला होता. मैदानात विल्फ डन्स्टननं टाचेनं माती उकरली, खळगीत चेंडू उभा केला, चार पावलं मागं जाऊन किक मारली. चेंडू मधले उंच खांब चुकवून बाजूनं गेला. पंचानं एक झेंडा हलवला. नुसता एक गुण; मधून गेला असता तर सहा.

एक रुमाल, एक झेंडा. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये गोल झाला तर पंच दोन झेंडे हलवतो, हे मेलबर्नमधलं शेंबडं पोरही सांगेल. आणि तीन शनिवार जाबेझ डोळ्यांत तेल घालून पाहत होता. बाईनं दोन रुमाल धरले की विल्फचा गोल व्हायचा, एक धरला की बहुतेकदा हुकायचा. हुकूम कुंपणावरून येत होता आणि विल्फ तो बजावत होता. दुसरं काय असणार?

जाबेझ कप्तान होता, आणि हा त्याचा शेवटचा हंगाम. अकरा हिवाळे घासूनही विजेतेपद कधी हाती लागलं नव्हतं. आज अंतिम सामना होता, आज नाही तर कधीच नाही. आणि विल्फला क्लबात त्यानंच आणलेलं. समितीच्या हातापाया पडून चामड्याच्या कारखान्यात चिकटवलं तेही त्यानंच. विल्फ खेळतो तोवर ती नोकरी. दहा वर्षं दोघं खांद्याला खांदा लावून खेळले होते, म्हणून तर जास्त झोंबत होतं.

पाणी कुठंतरी मुरत होतंच. यंदा विल्फ आपणहून मैदानाचा मध्य सोडून गोलच्या तोंडाशी खेळायला आला. किकआधी चिमूटभर गवत उडवून वारा बघायची जुनी सवय, तीही सुटली. रस्त्यात पलीकडून हाक मारली तर ओळख न दाखवता पुढं जायचा. आणि कालच, न्हाव्याच्या दुकानासमोर गॅफी बुकी काळा कोट घालून उभा होता, तर विल्फनं त्याला टोपी काढून अदबीनं म्हटलं, "नमस्कार, फादर." गॅफी पोट धरून हसला. चोरांच्या आपसातल्या थट्टाही ठरलेल्या असतात, जाबेझच्या मनात आलं.

मध्यंतरात खोलीभर निलगिरी तेलाचा वास कोंदला होता. विल्फ वाकून, बूट अगदी नाकाशी धरून, तळव्याच्या पट्ट्या तपासत होता. जाबेझ त्याच्यासमोर बसला.

"काल गॅफीशी काय खलबत चाललं होतं?"

"कोण गॅफी?"

"सोंग नको करूस. बुकी."

"मी बुकीशी कशाला बोलू?"

"बरं. आणि कुंपणापाशी ती बाई कोण?"

विल्फचा हात थांबला. "लेटी. बहीण माझी. बेंडिगोहून आलीय."

"दहा वर्षांत कधी बहिणीचं नाव काढलं नाहीस."

"कधी गरज पडली नाही," विल्फ म्हणाला आणि नाडी बांधायला लागला.

चारपैकी तिसरा डाव संपला तेव्हा गुण बरोबरीत होते. ढग खाली आले होते, संध्याकाळ लवकर दाटत होती. जाबेझ तडक कुंपणाशी गेला.

"बाई, हे रुमाल कशाला?"

ती दचकली. "वारा दाखवते त्याला. खांबांपाशी आडवा असला की एक, पडला की दोन."

"दहा वर्षं खेळलेल्या माणसाला तुम्ही वारा दाखवणार? कुणाला शेंड्या लावता?"

ती काही तरी बोलणार होती. पण तिनं विल्फकडं पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

जाबेझनं पोलिसाला खूण केली. "ही बुकींची बाई आहे. फाटकाबाहेर काढा."

"असं करू नका, कप्तान," ती रडकुंडीला आली. "सामना घालवून बसाल."

आता धमकीसुद्धा. हातच्या काकणाला आरसा कशाला? जाबेझ वळून चालू लागला. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही, पण छातीवरचा धोंडाही उतरला. आता विल्फला स्वतःच्या मनानं किक मारावी लागणार होती.

शेवटच्या डावात चिखलात नुसती झोंबाझोंबी चालली. गुण हलेनात. मग घंटेला क्षणच उरला असताना गोलसमोरच्या गर्दीत चेंडू उंच चढला. चौघं एकदम उडाले, एकमेकांवर आदळून गरगरत खाली आले. विल्फ उठला तेव्हा चेंडू त्याच्या छातीशी होता. झेल पक्का. घंटा झाली. पण झेल घेणाऱ्याची किक बाकी राहते, आणि अंतर जेमतेम तीस पावलं. विल्फनं डोळे मिटून मारली तरी गेली असती.

विल्फनं कुंपणाकडं पाहिलं. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"शोध लेका, शोध," जाबेझ मनात म्हणाला. "आज तुला हुकूम द्यायला कुणी नाही."

विल्फनं टाचेनं माती उकरली, सावकाश चेंडू उभा केला. पण तोंड केलं ते फाटकाकडं, जिथून लेटीला बाहेर नेलं होतं. जाबेझचं डोकं भणाणलं. तो तरातरा त्याच्याजवळ गेला.

"काय चालवलंयस तू, विल्फ?"

विल्फनं चाचपडत त्याची बाही धरली आणि त्याच्या कानाशी लागून विचारलं, "जाबेझ, लेटी दिसत नाही रे. खांब कुठल्या बाजूला आहेत?"