पंख पसरलेली बुलबुल

पुन्हा कॅमेऱ्यानं पानच टिपलं. पानाची शीर न् शीर लख्ख, आणि त्याच्यामागे घरट्यात बसलेली बुलबुल पुसट. खुशीला फक्त रडायचं बाकी होतं. अमरावतीच्या पक्षी-छायाचित्र स्पर्धेला फोटो पाठवायची आज शेवटची तारीख होती.

बाकीचं तिला आता जमू लागलं होतं. फोकस पाखराच्या डोळ्यावर धरायचा, ते पाहतं त्या बाजूला मोकळी जागा सोडायची. पण घरट्यासमोरची ती एक फांदी काही केल्या हटेना.

संत्र्याच्या बागेत वाढलेल्या पोरीचा हात अशा वेळी कुठं जाणार? छाटणीची कात्री खिशात होतीच. झाडावरची सल, म्हणजे वाळलेली काडी, काढावी तितक्या सहज तिनं ती हिरवी फांदी छाटली. बुलबुल भुर्रकन उडाली.

खुशी श्वास रोखून बसली. वैशाखाची दुपार, बाग पेंगुळलेली, कुठं पान हलत नव्हतं. मग बुलबुल परतली. घरट्याच्या काठावर बसली आणि तिनं दोन्ही पंख हळूच पसरले. खाली तीन इवल्या चोची उघडलेल्या. काळाभोर डोळा अगदी साफ दिसत होता. आपण जागे आहोत की झोपेत, हेच खुशीला कळेना. ती फोटो काढत राहिली, किती वेळ कोण जाणे.

"हे फांदी काहून तोडली वं?" तिची आई, आशाबाई, मागं येऊन उभी होती.

"मले साफ फोटो पायजे होता. पाय ना आई, कशी पंख पसरून बसली!"

"अवं, पिल्लायले ऊन लागून राह्यलं. सावली धरून बसली ते."

खुशीनं कॅमेरा खाली केला. पिल्लं घास मागत नव्हती, धापा टाकत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

मायलेकींनी तोडलेली फांदी सुतळीनं जागेवर बांधली आणि त्या दूर बांधावर जाऊन बसल्या. बऱ्याच वेळानं बुलबुल चोचीत अळी घेऊन पानांआड शिरली. तेव्हा कुठं खुशीच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी तिनं मोबाइलवर स्पर्धेचा फॉर्म उघडला. फोटो नजर ठरणार नाही इतका सुंदर आला होता. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, 'हा फोटो कसा टिपला?'

तिनं लिहिलं, 'पिल्लांची सावली तोडून', आणि फॉर्म पाठवून दिला.