बसवलेलं हसू

आजीनं रिसीव्हर उलटा धरला होता.

"आई, बोलायची बाजू कानाला लावलीत तुम्ही," सून म्हणाली.

"बोलून झालंय गं माझं. आता ऐकायचंय," म्हणत आजीनं तो सरळ केला, आणि उद्घाटनाच्या धावपळीतली दोन-चार माणसं हसली. आवाजवालीला मात्र हसू फुटेना. ती खांबाला पाठ लावून उभी होती आणि तिच्या मुठीतला पेनड्राइव्ह घामानं निसरडा झाला होता.

कंदिलाच्या काचा करणाऱ्या कारखान्याचं ते संग्रहालय आज उघडणार होतं. भिंतीवर जुने टेलिफोन टांगलेले. रिसीव्हर उचलला की समोरचा फोटो उजळायचा आणि एखाद्या म्हाताऱ्या कामगाराचा आवाज कानात बोलू लागायचा. ते आवाज गोळा करायचे, कापायचे, जोडायचे, हे तिचं काम. स्टुडिओत तिला सगळे आवाजवालीच म्हणत.

रेकॉर्डिंगच्या वेळी आजीनं सांगितलं होतं ते असं. दोघी बहिणी एका छत्रीतून कामाला जायच्या. एकदा वाटेत हिच्या चपलेचा पट्टा तुटला. "तू हो पुढे, मी आलेच," असं ही धाकटीला म्हणाली. धाकटी पुढे गेली आणि भट्टीचं छप्पर तिच्या अंगावर आलं. "मी आलेच" म्हटल्यावर आजी कितीतरी वेळ गप्प बसली होती. त्या गप्प बसण्यात तिचा श्वास होता, आणि एकदाच वाजलेली बांगडी.

प्रसिद्धीवाल्या साहेबांनी ते ऐकून डोळे पुसले होते. मग म्हणाले होते, "शेवट जरा गोड करा ना ताई. पुढचं दार आपल्या दुकानात उघडतं. रडवेला माणूस कंदील विकत घेत नाही हो."

तिनं छप्पर काढलं. गप्प बसणं काढलं. तरी वाक्य अधांतरी लटकत राहिलं, तेव्हा तिथे एक हसू बसवलं. आजीचंच. माइकची क्लिप लावताना गळ्याशी गुदगुल्या झाल्या म्हणून आजी खुदकन हसली होती, ते. सांधा इतका बेमालूम बसला की आवाजवालीनं स्वतःलाच शाबासकी दिली. ती शाबासकी घरी पोचेपर्यंतही टिकली नाही.

आज ती पेनड्राइव्हवर सगळं परत जागच्या जागी घालून आली होती. छप्पर, श्वास, बांगडी. दारं उघडायच्या आत गुपचूप बदलायचं, साहेबांची बोलणी मागाहून खायची. पण आजी तिच्याही आधी येऊन बसलेली. "काय करू? पहाटेपासून तयार होऊन दारात उभ्या," सून म्हणाली होती.

फोटो उजळला. खांबापाशी काही ऐकू येत नव्हतं, पण आवाजवालीला ते सगळं पाठ होतं. आता छत्री. आजीची मान डोलली. आता धाकटीची कुरकुर, सगळं पाणी माझ्याच खांद्यावर पडतंय म्हणून. आजीचे ओठ हलले. आता चप्पल. आवाजवालीनं मागे वळून पाहिलं. जिना जवळच होता. आता, तू हो पुढे.

आता हसू.

आजीचे ओठ थांबले. तिनं रिसीव्हर कानावरून काढून छातीशी धरला. तिची नजर माणसांमधून फिरत फिरत खांबापाशी येऊन टेकली.

"इकडे ये गं पोरी."

ती गेली. मागून साहेब येत होते, बुटांचा आवाज ओळखीचा होता. सांगून टाकायचं, जे व्हायचं ते होवो, असं तिनं ठरवलं.

"मी हसले होते का गं?"

"आजी, ते मी..."

"नाही, मला निराळंच आठवत होतं," आजी म्हणाली. "माझी तुटकी चप्पल बघून ती हसली, आणि मी वसकन अंगावर गेले तिच्या. हो पुढे म्हणून. तोंड एवढंसं करून गेली बिचारी. इतकी वर्षं माझ्या कानात तेच. माझाच आवाज, कुत्र्यासारखा."

आवाजवालीला तिच्याकडे बघवेना.

"पण सांगताना हसले म्हणजे तेव्हाही हसूनच म्हटलं असेन ना? नाहीतर त्या बोलण्यावर हसू येईल कुठून?"

"मी कधीची सांगतेय," सून म्हणाली, "तुम्ही उगीच जिवाला खाता."

"तू होतीस का गं तिथं? मोठी आली सांगणारी!" आजी म्हणाली, पण तिचा चेहरा असा मोकळा झाला होता, की सूनही बघत राहिली. "छपराचं गाळलंत, बरं केलंत. ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. हे तेवढं असंच ठेवाल ना? कुणी बदलणार तर नाही?"

"छे छे! भिंत आहे तोवर हे आहे, आजी," साहेब मागून म्हणाले.

आजीनं आवाजवालीचा हात धरला. नेमकी ती मूठच.

"हात बघ केवढा गार पडलाय. भ्यालीस होय? मला आवडणार नाही म्हणून?"

मूठ उघडली नाही. आजीनं ती दोनदा थोपटली, सोडली आणि रिसीव्हर जागेवर ठेवून पुन्हा उचलून कानाला लावला. फोटो उजळला. छत्री. धाकटीची कुरकुर. चप्पल.

या खेपेला आजी आधीच हसली.