टेकाडावरचा सांधा

हरिसिंगनं कुदळ उचलली, तेवढ्यात वर्षा लॅपटॉप छातीशी धरून धावत आली.

"बाबा, थांबा! पाइप काढू नका."

टाकीपासून तांड्याच्या शेवटच्या घरापर्यंतचा हा पाइप हरिसिंगनंच टाकला होता. टेकाडाअलीकडं पाणी मिळत होतं. पलीकडच्या अकरा घरांचे नळ दोन महिने कोरडे. मिस्त्रीचं चुकलं, सगळा पाइप उखडा, असं तांड्याचा नाईक असलेल्या देवसिंगनं भर बैठकीत सांगितलं होतं.

वर्षा यवतमाळला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. दोन दिवस तिनं बापाच्या पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीनं जमिनीचा चढउतार मोजला होता आणि सगळे आकडे गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये भरले होते.

तिनं दगडावर लॅपटॉप उघडला. "ही काळी रेघ जमीन. निळी म्हणजे पाण्याचा जोर. टेकाडावरही निळी काळीच्या वरतीच आहे. पाणी जायले पाहिजे."

"पण जाऊन नाही राह्यलं ना!"

"मले वाटलं माह्यंच गणित चुकलं. चाळीस वेळा आकडे बदलून पाह्यलं. दर खेपेला पाणी जाते. म्हणजे पाइप बरोबर आहे, बाबा. टेकाडाच्या माथ्यावर पाइपात हवा कोंडली आहे, तेच पाणी अडवते."

हरिसिंग त्या रेघांकडं बघत राहिला. दोन महिन्यांत त्याच्या कामाला कोणी बरोबर म्हटलं नव्हतं.

"कुठं खोदू?"

"त्या पळसापासून आठ पावलं."

तिथंच त्यानं खोदलं आणि पाना लावून सांधा जरा सैल केला. हवा सूं करत सुटली. इतका वेळ सुटत राहिली, की आवाज ऐकून देवसिंगसकट माणसं जमली. मग पाणी फुरफुरलं, आणि सरळ धार उडाली. हरिसिंगनं भिजतच सांधा पुन्हा आवळला.

"इथं एअर व्हॉल्व लावू, म्हणजे हवा आपोआप निघून जाईल. आर्णीच्या दुकानात भेटते," वर्षा म्हणाली. "आता हंसाकाकीकडं चला. सोळा मिनिटांत पाणी येईल."

हंसाबाईचं घर शेवटचं. तिच्या उघड्या नळासमोर हरिसिंग मोबाइलवरचं घड्याळ बघत उभा राहिला. दहा मिनिटं झाली. चौदा झाली. पंधराव्याला नळ गुरगुरला. सोळावं सरायच्या आत पाणी आलं.

"जमिनीखालचं दिसलं का वं तुले?" देवसिंगनं विचारलं.

"दिसलं नाही, काका. मोजलं."

देवसिंग हरिसिंगकडं वळला. "चुकलं माह्यं," म्हणाला.

हंसाबाईनं नळाखाली घागर लावलीच नाही. तिनं नळ बंद केला. थोडं थांबून उघडला. पाणी आलं. परत बंद केला.

"कवाही उघडला तरी येते?"

"येते, काकी."

तिनं पुन्हा नळ उघडला.