नव्या ड्राइव्हमधली नजर

"ताई, आधी ड्राइव्हमधले फोटो उघडून बघा, मगच फोनमधले पुसा," हार्ड ड्राइव्ह विकणाऱ्या दुकानातल्या काकांनी बजावलं होतं. "काका, तुम्ही तर माझ्या सासूबाईंच्या वरताण निघालात!" म्हणत मी ते हसण्यावारी नेलं.

दुपारी माझी लेक छकुली पोटभर जेवून आतल्या खोलीत झोपली. दार लोटून मी नवी हार्ड ड्राइव्ह लॅपटॉपला जोडली, छकुलीचे दोन वर्षांचे फोटो महिन्यानुसार फोल्डरांत लावले आणि फोन रिकामा करून टाकला. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

मग चहा घेऊन निवांत बघत बसले. पहिला दात, पहिलं पाऊल. सगळे फोटो मीच काढलेले. प्रत्येकात ती माझ्याकडेच बघायची.

आता बघत नव्हती. प्रत्येक फोटोत तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली होती, आणि ओळखीचं माणूस दिसावं तशी ती हसत होती. अगदी जन्मल्या दिवशीच्या फोटोतसुद्धा.

मी मागे वळले. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं.

आतून छकुली खुदकन हसली.

माझे पाय उचलत नाहीत. तुम्ही जरा आत डोकावता का? ती एकटीच आहे ना, तेवढं बघा.