पायाळूची टाच

बांबू भरलेल्या बैलबंडीवरून पडल्यापासून झामसिंगचा डावा पाय लुळा होता. म्हणून दरेकशा गावची, पायाकडून जन्मलेली पायाळू मंगलीबाई आली. तिनं त्याला पालथं निजवलं न् कुल्ल्याच्या मांसात, खोल शिरेवर टाच रोवली.

"आली काय झिणझिणी?"

"काईच नाई."

पण चुलीपाशी त्याची बायको भागीरथा ओरडली, "माय वं!" तिचा डावा पाय आपोआप झटकला होता.

मंगलीबाईनं पुन्हा दाबलं. भागीरथा पुन्हा ओरडली.

"सोड बाई, तिले दुखून राहिलं!" झामसिंग म्हणाला.

"थांबू नोको, दाब!" भागीरथानं दात आवळले.

तिसऱ्यांदा दाबल्यावर झामसिंगच्या पायाचा अंगठा हलला. तो उठला, चालला, हसत बायकोपाशी बसला न् तिची डावी पोटरी चोळू लागला.

"आता दुखते काय वं?"

चुलीकडं बघतच भागीरथा म्हणाली, "पयले हात तं लावा."