गजातून आत घातलेला हात

वारंगा फाट्याजवळच्या त्या गावातलं तलाठी ऑफिस बंद होऊन वर्ष झालं होतं. दाखले आता हिंगोलीतच, कॉम्प्युटरवर निघायचे. नातीला घेऊन पद्माबाईनं तीन खेपा घातल्या. तिन्ही वेळा एकच उत्तर, "आंगठ्याचं मशीन बंद हाय." उद्यापर्यंत दाखला न्हाई दिला तर सपनाची नर्सिंगची जागा जाणार होती.

भर दुपारी एसटीतून उतरून दोघी कुलूपबंद ऑफिसावरून चालल्या होत्या.

"आज्जे, तुझ्या जुन्या खिडकीतच देऊन पाह्य आंगठा," सपना वैतागून बोलली.

पद्माबाई हसली. पूर्वी गजातून हात आत घातला की आतला माणूस आंगठा धरायचा, निळी शाई लावायचा अन् कागदावर दाबायचा. तिनं तसाच हात घातला.

तिचं हसू थांबलं.

"सपने, कोणतरी आंगठा धरून राह्यलं."

सपनानं दाराच्या फटीला डोळा लावला. आत लख्ख ऊन होतं. टेबल न्हाई, माणूस न्हाई, धुळीवर पाऊल न्हाई. आजीचा हात तेवढा दिसत होता. आंगठा निळा झाला होता.

"झालं ना साहेब? सोडा आता," पद्माबाई बाहेरून म्हणत होती.

सपनाच्या देखत आजीचं दुसरं बोट सरळ झालं, अन् निळं व्हायला लागलं.